आरपीजीमधल्या ऑप्शनल फाईट स्किप करता याव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत असो नाहीतर अंबडला शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर, आरपीजीचा (रोल प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची गोष्ट खेळायची) विषय निघाला की हा वाद होतोच. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं एका ठिकाणी लिहून टाकतोय. मी स्किपच्या, म्हणजे न लढता पुढे जाऊ देण्याच्या, बाजूचा आहे हे आधीच सांगतो, पण सरसकट नाही, काही अटी आहेत, त्या खाली येतीलच. काही गेमची नावं आणि थोडे प्रसंग येतात पण मोठी गुपितं फोडलेली नाहीत, बिनधास्त वाचा.

ऑप्शनल फाईट म्हणजे नक्की कोणती? सगळ्याच लढाया खेळण्यासाठीच असतात ना?

निम्मी भांडणं इथेच होतात, कारण एक जण रँडम एनकाउंटरबद्दल (चालता चालता अचानक सुरू होणाऱ्या किरकोळ लढाया) बोलत असतो आणि समोरचा ऐकतो बॉसबद्दल (टप्प्याच्या शेवटी येणारा तगडा शत्रू). माझा हिशोब साधा आहे, ती लढाई काढून टाकली तरी गोष्ट पुढे सरकत असेल तर ती ऑप्शनल. चालता चालता अंगावर येणारे राक्षस, मॅपच्या कोपऱ्यात झोपलेला ड्रॅगन, साईड क्वेस्टमधले (मूळ गोष्टीबाहेरच्या कामांमधले) डाकू, पोकेमॉनमध्ये रस्त्यात उभे राहिलेले ट्रेनर, हे सगळे यात आले. जिथे लढाईमुळेच गोष्टीला वळण लागतं, कोणीतरी मरतं, कोणीतरी फितूर निघतं, ती लढाई वेगळी. तिच्यासाठी खाली वेगळा प्रश्न ठेवलाय.

फाटे न फोडता सांगा, स्किप करू द्यावी की नाही?

द्यावी. पण स्किप केल्याने काय हातचं जाणार आहे ते गेमने आधी सांगावं, आणि न लढण्याचा रस्ता घेतला म्हणून खेळणाऱ्याला पुढे जाऊन शिक्षा करू नये. या दोन गोष्टी पाळल्या तर माझा काही वाद नाही. या पाळल्या नाहीत तर स्किपचं बटण असूनही उपयोग नाही, ते का ते लेव्हलच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

लढायचंच नसेल तर आरपीजी खेळता कशाला भाऊ, पिक्चर बघा ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एकच विचारतो, तुम्ही कटसीन (मध्येमध्ये येणारे गोष्टीचे व्हिडिओ) स्किप करता का? डायलॉग चालू असताना बटण दाबत दाबत पुढे जाता का? करता ना. महिनोन्महिने खपून लिहिलेली गोष्ट एका बटणात उडवता आणि तेव्हा कोणी तुम्हाला म्हणत नाही की गोष्ट ऐकायची नव्हती तर आरपीजी घेतला कशाला, नुसता फायटिंग गेम घ्यायचा. आरपीजीत लढाई आहे, गोष्ट आहे, फिरणं आहे, माणसांशी बोलणं आहे, सामान जमवणं आहे, कोणाला कुठला शर्ट घालायचा ते ठरवत तासभर घालवणं पण आहे, आणि प्रत्येक जण त्यातलं वेगळं काहीतरी शोधत येतो. माझ्या ओळखीतला एक जण फक्त मासे पकडायला एक गेम खेळायचा, मेन स्टोरी अर्धवट, पण तलावातला प्रत्येक मासा धरलेला. तो चुकीचं खेळत होता असं मला कधीच वाटलं नाही.

आणि आरपीजी म्हणजे लढाईच असंही नाही. 2019 साली आलेल्या डिस्को एलिझियममध्ये नेहमीसारखी लढाईची सिस्टीमच नाही, जे काय आहे ते बोलणं, विचार करणं आणि फासे, तरी तो आरपीजीच आहे आणि जबरदस्त आहे.

हे आजकालच्या पोरांचं फॅड आहे, जुने गेम कसे कडक होते!

जुने गेम मलाही जीवापाड आवडतात, म्हणूनच सांगतो की हे खरं नाही. 1986 चा पहिला ड्रॅगन क्वेस्ट घ्या, जपानी आरपीजीची सुरुवातच तिथून मानतात, त्यात सुद्धा कमजोर राक्षसांना लांब ठेवणारं पाणी आणि मंत्र होता. पोकेमॉनमध्ये 1996 पासून रिपेल (जंगली पोकेमॉनना लांब ठेवणारी वस्तू) आहे, साधं मारलं की 100 पावलं, सुपर 200, मॅक्स 250, आणि त्यातली गंमत अशी की तुमच्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचेच जंगली पोकेमॉन त्याने अडतात. म्हणजे गेम म्हणतोय, याच्या पुढे तू आलायस, आता याच्याशी परत परत लढायची गरज नाही, पण जो तुझ्या तोडीचा आहे तो येणार. इतकी समजूतदार स्किप आजच्या कितीतरी गेममध्ये नाही. 1995 च्या सुईकोडेनमध्ये समोरचे फार कमजोर असले तर त्यांना सोडून द्यायचा पर्याय लढाईच्या मेनूतच येतो, आणि बाकी वेळी पैसे चारून वाट मोकळी करायचा.

माझा सगळ्यात आवडता दाखला फायनल फँटसी आठचा, 1999. तिथे सुरुवातीच्याच भागात तुम्हाला एक जादूचा दिवा मिळतो. तो वापरला की दियाब्लोस नावाचा एक भयंकर गडी अंगावर येतो, त्याला हरवलं की तो तुमच्या बाजूला, आणि त्याला शिकवलं की रँडम लढाया आधी अर्ध्या आणि मग पूर्ण बंद करता येतात. म्हणजे एक अवघड लढाई जिंका आणि बाकीच्या किरकोळ लढायांमधून सुटा. बक्षीस म्हणून काय दिलं तर शांतता! बनवणाऱ्यांना पंचवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं की लोकांना काय हवंय.

त्याच्याही मागे जायचं तर टेबलावर फासे टाकून खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये खजिना बाहेर आणला की त्यातल्या सोन्याच्या नाण्यांचे एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांनी पात्राची लेव्हल वाढते) मिळायचे, आणि पुढे पुढे तर राक्षस मारून मिळणारे एक्सपी त्यापुढे किरकोळच होते. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, राक्षसाला गुंगवायचे, मागच्या दाराने माल काढायचे. लढाई ही सगळं फसल्यावर करायची गोष्ट होती.

लढाया सोडल्या की लेव्हल कमी राहते, मग बॉस धुतो. मग स्किपचा उपयोग काय?

हा खरा प्रश्न आहे, आणि स्किपच्या बाजूचे बरेच लोक याला उत्तर न देताच पुढे जातात. बघा, एक्सपी फक्त मारल्यावरच मिळत असतील तर कुठलीच लढाई ऑप्शनल राहत नाही. नावाला ऑप्शनल, पण सोडली की पुढच्या बॉससमोर तुम्ही कमजोर, मग परत मागे येऊन त्याच उंदरा-वटवाघळांना तासभर मारत बसा. म्हणजे स्किपचं बटण दिलं आणि त्याची वसुली नंतर व्याजासकट केली.

उपाय काय, तर एक्सपी कशाचे द्यायचे ते बदलायचं. 2004 च्या व्हॅम्पायर द मास्करेड ब्लडलाइन्समध्ये एक्सपी मारल्याचे मिळतच नाहीत, काम पूर्ण केल्याचे मिळतात, मग ते काम तुम्ही गोळ्या घालून करा, कुलूप तोडून करा नाहीतर गोड बोलून करा. 2015 च्या पिलर्स ऑफ इटर्निटीत राक्षसांबद्दलची माहितीची वही भरेपर्यंतच मारण्याचे एक्सपी, त्यानंतर बंद, म्हणजे ओळख व्हायला लढा पण तेच तेच मारून काही मिळणार नाही. विचर तीनमध्येही मोठा वाटा क्वेस्टचाच, रानातले लांडगे मारून लेव्हल वाढवायला बसलात तर म्हातारे व्हाल. आणि 2023 च्या बाल्डर्स गेट तीनमध्ये बोलून प्रकरण मिटवलं तरी एक्सपी मिळतात, तिथे तर एका ठिकाणी एक तगडा शत्रू आहे ज्याला तुम्ही नुसतं बोलून बोलून असं कोंडीत पकडू शकता की तलवार काढायची वेळच येत नाही. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो, कुठल्याही जिंकलेल्या लढाईपेक्षा ते भारी वाटलं होतं.

फायनल फँटसी आठ इथे परत येतो, कारण त्यात शत्रूंची लेव्हल तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढते आणि बॉस एक्सपी देतच नाहीत. म्हणजे तिथे लढाया टाळणारा मागे पडत नाही, उलट जमवलेली जादू नीट जोडली तर तोच पुढे. हे सगळ्यांनाच पटतं असं नाही, लेव्हल वाढवण्यातली मजाच जाते असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मेनूत स्किपचं बटण असावं, की गेमच्या आतच टाळायचा रस्ता असावा?

दोन्ही असावं, पण आधी रस्ता.

एल्डन रिंग बघा, 2022. सुरुवातीच्या भुयारातून वर येऊन दार ढकललंत की समोर लिमग्रेव्हचं हिरवंगार माळरान, लांबवर ते सोनेरी झाड, आणि खाली वाटेवर सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार शांतपणे फेऱ्या मारतोय, ट्री सेंटिनेल. नवीन माणूस सरळ त्याच्या अंगावर जातो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. परत जातो, परत आडवा. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडतो की याच्याशी लढ असं कोणी सांगितलेलंच नाही, बाजूच्या झाडीतून वळसा घातला की पुढे पडकं चर्च आहे, तिथे एक व्यापारी बसलाय, त्याच्या पुढे अख्खं जग मोकळं आहे. पुढे घोडा मिळतो, हत्यार सुधारतं, आणि मग एक दिवस तुम्ही स्वतःहून परत येता त्याचा हिशोब चुकता करायला. मेनूत एकही बटण नाही, नुसती जमीन अशी मांडलीय की टाळणं हा तुमचा निर्णय होतो. त्या गेममधले बरेचसे बॉस असेच सोडता येतात, ज्या मलेनियाच्या नावाने लोक रडतात ती सुद्धा ऑप्शनलच आहे.

दुसरा प्रकार अर्थबाउंडचा, 1994. तुम्ही पुरेसे ताकदवान झालात की त्या भागातले शत्रू तुम्हाला बघून पळायला लागतात, आणि पळता पळता धरलात तर लढाईचा स्क्रीन न येताच जिंकलात, एक्सपी पण मिळतात. यात स्किप आहे आणि वर तुम्ही मोठे झालात ही पावती पण आहे. मला कळत नाही हे सगळ्यांनी का उचललं नाही.

पण असा रस्ता बांधायला डोकं लागतं, पैसा लागतो, आणि जुन्या गेमला तो मागाहून लावता येत नाही. तिथे बटणच बरं. ब्रेव्हली डिफॉल्टच्या सुधारित आवृत्तीत लढाया किती याव्यात हे सेटिंगमध्ये हवं तेव्हा कमीजास्त करता येतं, अगदी शून्य पण, आणि लेव्हल वाढवायची असेल तर दुप्पट पण. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली आणि नंतर दुसऱ्या गेममध्ये ती सोय नाही म्हणून तक्रार करायला लागले. फायनल फँटसीच्या पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रिमास्टर (जुन्या गेमच्या नव्याने सुधारलेल्या आवृत्त्या) 2023 ला कन्सोलवर आले तेव्हा त्यातही रँडम लढाया बंद करायची सोय दिली, आणि एक्सपी शून्यापासून चौपटीपर्यंत.

बॉस फाईट पण स्किप करू द्यायची का मग?

इथे मी थोडा थांबतो. बॉस ही बऱ्याचदा गोष्टच असते. ज्या माणसाने तुमचं गाव जाळलं त्याच्यासमोर शेवटी उभं राहणं आणि बटण दाबून ते उडवणं, यात काहीतरी तुटतं, ते मला मान्य आहे. पण म्हणून तिथे एकच दार ठेवायचं हेही बरोबर नाही.

डेउस एक्स ह्युमन रेव्होल्यूशनचं उदाहरण या बाबतीत सगळ्यांनी बघावं. 2011 चा गेम. अख्खा गेम तुम्हाला सांगतो की लपून जा, हॅक कर, बोलून मार्ग काढ, कोणाला मारलं नाहीस तरी चालेल. तुम्ही तसं खेळता, सगळे पॉइंट हॅकिंग आणि लपण्यात घालता, आणि मग एका खोलीत दार बंद होतं आणि समोर बंदूकवाला बॉस, मार नाहीतर मर. ज्याने गेमचं ऐकलं त्याचीच फजिती. ते बॉस बाहेरच्या दुसऱ्या कंपनीकडून बनवून घेतले होते हे पण नंतर बाहेर आलं. इतकी बोंब झाली की 2013 च्या डायरेक्टर्स कटमध्ये त्या खोल्या बदलून तिथे हॅक करायला आणि लपायला जागा दिली. बॉस तोच, गोष्ट तीच, फक्त दारं जास्त. मला बॉसच्या बाबतीत हेच हवंय. उडवायचं बटण हवंच असं नाही, पण तुमच्या पद्धतीने त्याला सामोरं जायची सोय हवी. 1997 च्या फॉलआउटमध्ये शेवटच्या मोठ्या शत्रूलाही पुरावा दाखवून, वाद घालून हरवता येतं, आणि तो प्रसंग लोक आजही काढून काढून सांगतात.

ते जमत नसेल तर निदान हरल्यावर विचारा की सोपं करून देऊ का. ट्रेल्स नावाच्या आरपीजींच्या मालिकेत हरलात की शत्रू थोडा कमजोर करून परत खेळायचा पर्याय येतो.

अंडरटेलमध्ये कोणाला न मारता गेम संपवता येतो, म्हणजे ती स्किपच झाली ना?

नाही. तिथे न मारणं जास्त अवघड आहे. कोणालाच मारलं नाही तर तुमची लेव्हल शेवटपर्यंत 1 आणि हेल्थ 20 च राहते, आणि समोरच्याचा राग शांत होईपर्यंत त्याचे वार चुकवत राहावं लागतं. ती पूर्ण लढाई आहे, फक्त जिंकायची व्याख्या वेगळी. म्हणून न मारण्याची सोय आणि न लढण्याची सोय या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो, आणि तुम्हीही धरा.

मी रात्र रात्र जागून ती लढाई जिंकली, दुसरा बटण दाबून पुढे गेला, मग माझ्या मेहनतीला काय अर्थ?

तुमची चीड समजू शकतो. पण वणीला गडावर जाऊन बघा. गडावरच्या गावातून देवीपर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि बाजूने ट्रॉली पण जाते. आजी ट्रॉलीने जाते, गुडघे दुखणारे काका ट्रॉलीने जातात, धट्टेकट्टे पण घाईत असले की ट्रॉलीने जातात, आणि पायऱ्या चढणारा पायऱ्याच चढतो. ट्रॉली झाली म्हणून पायऱ्या काढून टाकल्या नाहीत, त्या तिथेच आहेत. तुमची लढाई पण तिथेच आहे.

ट्रॉफी किंवा अचिव्हमेंटचं म्हणाल तर ती वेगळी ठेवा, स्किप न करता जिंकणाऱ्यालाच द्या, याला माझा काहीच विरोध नाही.

या मागणीवरून एका लेखिकेला खूप त्रास दिला गेला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. जेनिफर हेपलर, तेव्हा कॅनडातल्या बायोवेअर या गेम कंपनीची लेखिका. तिने 2006 च्या एका मुलाखतीत साधारण असं म्हटलं होतं की डायलॉग जसे बटण दाबून पुढे नेता येतात तशी लढाई पण पुढे नेता आली पाहिजे. इतकंच. ती जुनी मुलाखत 2012 साली लोकांनी उकरून काढली आणि तिला शिव्या, धमक्या, घरच्यांपर्यंत जाणारं घाणेरडं बोलणं, सगळं सुरू केलं. लढाईचा डिझाइन तिच्या हातात सुद्धा नव्हता, ती गोष्ट लिहायची. त्याच 2012 मध्ये त्याच कंपनीचा मास इफेक्ट तीन आला, त्यात गोष्टीसाठी खेळणाऱ्यांना लढाई अगदी सोपी करणारा वेगळा मोड होता, आणि त्याने कोणाचंही काही बिघडलं नाही. त्या बाईच्या म्हणण्याशी सहमत असा नाहीतर नसा, पण गेमच्या एका सेटिंगवरून माणसाला जगणं नकोसं करणं याला कुठलंच समर्थन नाही, आणि आपल्या ग्रुपमध्ये सुद्धा कोणी सोप्या मोडवर खेळतो म्हणून त्याला घालूनपाडून बोलतात, ते बंद करा.

माझ्या मनगटाला त्रास आहे, भराभर बटणं दाबता येत नाहीत. मी काय करू?

टर्न बेस्ड (पाळीपाळीने चाल करायचे) गेम घ्या, त्यात विचार करायला वेळ असतो आणि एका हाताने पण निभावतं. ॲक्शनच हवा असेल तर 2023 चा फायनल फँटसी सोळा बघा, त्यात काही अंगठ्या मिळतात ज्या घातल्या की वार आपोआप चुकवले जातात किंवा एकच बटण दाबून सगळे कॉम्बो होतात. यात मला एक खटकतं, त्या अंगठ्या ॲक्सेसरीची जागा खातात आणि तशा जागा तीनच आहेत, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला ताकदीच्या अंगठ्या सोडाव्या लागतात. ही सोय सरळ सेटिंगमध्ये असायला हवी होती. ज्याचा हात दुखतोय त्याच्याकडून किंमत कशाला घ्यायची?

ऑटो बॅटल म्हणजे स्किपच का?

जवळपास, पण मधलं. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट, 2022, यात तुमचा पोकेमॉन नुसता पुढे सोडला की तो आपला आपला लढून येतो, एक्सपी थोडे कमी मिळतात. आणि रस्त्यातले ट्रेनर आता तुम्ही जाऊन बोलल्याशिवाय अंगावर येत नाहीत, पूर्वी त्यांच्या नजरेसमोरून गेलं की संपलंच. मला हा तोडगा पटतो.

मी कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळतो, किंवा मोबाईलवर. माझ्यासाठी यात काय?

तुमच्यासाठीच तर आहे सगळं! या वादात बोलणारे बरेच जण घरी स्वतःचा कन्सोल आणि मोकळा रविवार असणारे असतात. तुम्ही तासाचे पैसे मोजता तेव्हा प्रत्येक फालतू एनकाउंटर खिशातून जातो. जुन्या फायनल फँटसी सातमध्ये एका गल्लीतून जाताना बघा, चार पावलं टाकली की स्क्रीन गरगरतो, कॅमेरा फिरत येतो, दोन वारांत दोन किडे मरतात, मग विजयाची धून, मग एक्सपीचा स्क्रीन, मग पैसे आणि सामानाचा स्क्रीन, मग परत गल्ली, आणि आपण कुठल्या बाजूला चाललो होतो तेच विसरलेलं असतं. पहिल्यांदा भारी वाटतं, चाळिसाव्या वेळी नाही. सातपूरला सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणाऱ्याकडे झोपायच्या आधी पाऊण तास असतो, त्यात त्याला गोष्ट थोडी पुढे न्यायची असते, त्याचा पाऊण तास किड्यांत गेला तर तो गेम सोडून देतो, आणि मग चांगली गोष्ट अर्धवट राहते.

तर करायचं असं. कॅफेत असाल तर आधी सेटिंग उघडा, एनकाउंटर बंद करायची किंवा वेग वाढवायची सोय आहे का बघा. फायनल फँटसी सातच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ती आहे, आठच्या 2019 च्या रिमास्टरमध्ये पण आहे. दुसरं, लढाया कायम बंद ठेवू नका, नवीन जागेत गेलात की थोडा वेळ चालू ठेवा, तिथले शत्रू कसे वागतात ते कळतं, थोडे एक्सपी मिळतात, मग बंद करा. तिसरं, पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाणार हे गृहीत धरून आधी सेव्ह करा, मग लढाईचं बघा.

माझा मुलगा सातवीत आहे, अवघड लढाई आली की लगेच स्किप करतो. त्याला चिकाटीची सवय कशी लागणार?

ताई, तो स्किप करून पुढे काय करतो ते आधी बघा. पुढची गोष्ट वाचतोय, माणसांशी बोलतोय, नकाशा धुंडाळतोय, तर तो गेम त्याच्या पद्धतीने मन लावून खेळतोय. पण प्रत्येक गोष्टच उडवत असेल, लढाई पण, डायलॉग पण, तर बहुधा तो गेमच त्याला आवडलेला नाही, दुसरा द्या. आणि एकदा शेजारी बसून त्याच्यासोबत एखादी अवघड लढाई खेळा, तुम्ही हरा, तो हरेल, दोघं मिळून विचार करा की आग चालत नाही तर बर्फ मारून बघू का. मुलं लढाई बऱ्याचदा अवघड म्हणून सोडत नाहीत, कशी खेळायची ते कोणी सांगितलेलं नसतं म्हणून सोडतात.

तुमच्या मते कुठल्या लढाया सोडूच नयेत?

जिथे गेम काहीतरी नवीन शिकवतोय, आणि जिथे आपल्या टीममधल्या कोणाचा तरी जुना हिशोब चुकता होतोय. आणि ज्यांचं संगीत चांगलं आहे त्या, हे माझं वैयक्तिक.

आम्ही कॉलेज प्रोजेक्टला आरपीजी मेकरमध्ये गेम करतोय. स्किप कशी टाकायची?

हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. आरपीजी मेकर हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्याची एमव्ही किंवा एमझेड आवृत्ती असेल तर अर्धं काम तयारच आहे. इव्हेंटमध्ये (मॅपवर ठेवायच्या घटनेत) लढाई टाकताना पळून जाता येईल की नाही आणि हरलं तरी गेम चालू ठेवायचा का, असे दोन पर्याय असतात, लोक ते बघतच नाहीत. साईड लढायांना दोन्ही चालू करा, म्हणजे हरणाराही गोष्टीत पुढे जातो, आणि हरल्यावरचा वेगळा डायलॉग लिहिलात तर गेम एकदम जिवंत वाटतो. एनकाउंटर चालू-बंद करायची कमांड आहे, ती एखाद्या वस्तूला जोडा, दिवा, ताईत, काहीही. अर्धे एनकाउंटर किंवा शून्य एनकाउंटर हे गुण पात्राला किंवा हत्याराला देता येतात, त्यातून दियाब्लोससारखं काहीतरी करता येईल, एका अवघड लढाईच्या बदल्यात शांतता.

एक्सपी मारण्यावर कमी आणि क्वेस्टवर जास्त ठेवा. शत्रू मॅपवर दिसतील असे इव्हेंट म्हणून उभे करा, 1995 च्या क्रोनो ट्रिगरमध्ये ते असेच समोर दिसायचे आणि बरेच जण बाजूने टाळता यायचे, आणि त्यांच्या शेजारून निसटायला निदान एक वाट मोकळी सोडा.

मग गेम चालवून बघायला अशा मित्राला बसवा ज्याने तो बनवताना पाहिलेला नाही, आणि तुम्ही मागे गप्प बसा, मदत करू नका. तो कुठल्या लढाईपासून पळायला लागतो ते वहीत लिहून ठेवा. पहिल्या भागातच सगळीकडून पळत असेल तर स्किपचं बटण द्यायच्या आधी ती लढाई सुधारा, शत्रूची हेल्थ कमी करा, दोनच्या जागी एकच प्रकारचा पण नवीन चाल असलेला शत्रू ठेवा. एखाद्या लढाईपासून सुटायची सोय असूनही तो थांबून खेळला, तर तिला हात लावू नका.